तोच काळा दगड

पुतण्या कॅम्परव्हॅनमधून आइसलंडची १३०० किलोमीटरची प्रदक्षिणा करून आला. लाव्हाच्या काळ्या दगडांचे दोनशे फोटो! किल्लारीला ये म्हटलं, तर म्हणतो, "काका, तिथं पाहण्यासारखं काय आहे?"

अरे, तोच दगड आहे! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, गावाखाली तीनशे मीटरहून जाड. आपली काळी माती त्याचीच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३.५६ला याच दगडांच्या, चिखलात रचलेल्या भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. दोष दगडाचा नव्हता, रचण्याचा होता. हे मी निवृत्त होईपर्यंत वर्गात सांगत आलो.

परदेश जरूर पाहा. पण ज्यानं आपली माणसं गाडली, तो दगड न ओळखणाऱ्याला तिकडचा काय कळणार?