सरकारचा रकाना कुठे आहे?

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पैसे गुंतवले तर किती वर्षांनी किती होतील, हे सांगणारं मोबाइलवरचं अ‍ॅप तिची टीम तयार करतेय. दिवाळीला आली तेव्हा मोठ्या हौसेनं दाखवलं. "मावशी, तुझा पीपीएफ घालून बघ." वर्षाला ५० हजार, १५ वर्षं, ७.१ टक्के. बटण दाबलं, आकडा आला साडेतेरा लाखांच्या वर.

मी विचारलं, "१५ वर्षं हाच दर राहील, असं कोणी सांगितलं?"

मैत्रिणींनो, नव्वदच्या दशकात याच पीपीएफवर १२ टक्के मिळायचे. एप्रिल २०२० मध्ये ७.९ चे ७.१ झाले. हा दर सरकार ठरवतं, दर तीन महिन्यांनी. आणि ३१ मार्च २०२१ ची गंमत आठवते ना? संध्याकाळी आदेश निघाला, पीपीएफ ६.४ टक्के! दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं, आदेश नजरचुकीनं निघाला, मागे घेतोय. सुटलो बाई. पण ६.४ घालून तेच गणित मी करून बघितलं. १५ वर्षांनी पाऊण लाखाहून जास्त रुपये कमी. आपल्या घरात ही रक्कम म्हणजे मुलीच्या कॉलेजची फी असते.

सोन्याचंही तेच. २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये आयातशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं आणि त्याच दिवशी तोळ्यामागे भाव हजारोंनी उतरला. आदल्या दिवशी लग्नाचे दागिने घेतलेल्यांना विचारा! डेट फंडात तर १ एप्रिल २०२३ च्या आधी घेतलेल्या युनिट्सना एक कर आणि नंतर घेतलेल्यांना दुसरा. खरेदीची तारीखच न विचारणारं अ‍ॅप हातात किती पडेल ते काय सांगणार, कपाळ?

भाची म्हणाली, "अगं मावशी, सरकार पुढे काय करेल ते आम्हाला कसं कळणार? म्हणून धरतच नाही."

पंगतीला किती पानं उठतील हे तरी कुठे ठाऊक असतं? तरी आपण पन्नास जास्तीची धरतोच की! भविष्य सांगा असं मी म्हणतच नाही. दर कोण ठरवतं, शेवटचा कधी बदलला, पुढची घोषणा कधी, एवढं आकड्याखाली लिहा. आणि एकाऐवजी तीन आकडे द्या. दर असाच राहिला तर, अर्धा टक्का उतरला तर, एक टक्का उतरला तर. हे काम कॉम्प्युटरला जड आहे असं मला तरी वाटत नाही. खरी अडचण वेगळी असावी. एक मोठा आकडा दिसला की गिऱ्हाईक पटकन खूश होतं.

तिच्या साहेबांचं म्हणणं, तीन आकडे बघून बायका गोंधळतील. हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. भिशीचा लिलाव, बचत गटाचं व्याज, दूधवाल्याचे खाडे, सगळं तोंडी सांभाळणाऱ्या आम्ही!

परवा तिचा फोन आला. तीन आकड्यांचं पान तिनं स्वतःच तयार केलंय, अजून कोणाला दाखवलेलं नाही. संक्रांतीला येईल तेव्हा आमच्या गटातल्या बायकांपुढे ठेवायचं म्हणतेय.