हरसूलच्या माणसाला कोणता उपचार परवडेल?

पोटाला चीर नाही, भूल जुजबी, संध्याकाळी घरी. वाढलेल्या प्रोस्टेटवरच्या नव्या उपचारांची अशी ओळख शहरी रुग्णालयांच्या जाहिरातींतून आता सगळीकडे पोचते आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलच्या साठी उलटलेल्या शेतकऱ्याला, मजुराला त्यातले काय कामाचे, हे मात्र जाहिरात सांगत नाही.

पन्नाशीनंतर निम्म्या पुरुषांत ही ग्रंथी वाढलेली असते, ऐंशीपुढे बहुतेकांत. धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते, जाऊन आले तरी मोकळे वाटत नाही. ‘वय झालं, व्हायचंच’ म्हणून माणूस गप्प बसतो. मुला-सुनेसमोर बोलायची लाजही असतेच. मग पावसाळ्यात सर्दीची एखादी गोळी घेतली जाते आणि लघवी पुरती अडते. सर्दीच्या काही औषधांनी असे होते, हे दुकानात कुणी सांगत नाही.

नव्या उपचारांपैकी दोन अधिक चर्चेत आहेत. युरोलिफ्टमध्ये मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचे फुगलेले भाग बारीक टाचण्यांनी बाजूला ओढून धरतात. रेझूममध्ये पाण्याची वाफ सोडून वाढलेला भाग मारतात. तो पुढच्या काही आठवड्यांत आक्रसतो. यांचा मोठा गुण म्हणजे वीर्यस्खलन बहुधा पूर्वीसारखे राहते. दुर्बिणीने ग्रंथी खरवडण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे टीयूआरपीनंतर, बहुतेकांचे वीर्य उलटे मूत्राशयात जाते. साठीच्या माणसाला त्याचे काय, असे म्हणणाऱ्याने त्या माणसाला विचारलेलेच नसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या किंवा मोठी भूल न सोसणाऱ्या रुग्णालाही हा नवा मार्ग बरा पडू शकतो.

दुसरी बाजू आकड्यांत दिसते. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात 206 पुरुषांवर झालेल्या युरोलिफ्टच्या चाचणीत पाच वर्षांनी त्रास सुमारे 36 टक्क्यांनी कमी राहिला आणि 13.6 टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. रेझूमच्या चाचणीतले पाच वर्षांचे आकडे बरे आहेत: त्रासात जवळपास निम्मी घट, फेरशस्त्रक्रिया 4.4 टक्के. पण वाफेनंतर काही दिवस लघवीसाठी नळी ठेवावी लागते आणि पूर्ण गुण यायला तीनेक महिने जातात. टीयूआरपीने त्रास सुमारे 70 टक्क्यांनी उतरतो, तोही लवकर. शिवाय या दोन्ही मूळ चाचण्यांत ग्रंथी 80 मिलीलिटरच्या आत असलेले आणि मूत्राशयात फार लघवी न तुंबलेलेच रुग्ण घेतले होते. खेड्यातला रुग्ण पुष्कळदा डॉक्टरांपर्यंत पोचतो तोच लघवी बंद झाल्यावर. ते आकडे त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

अंतराचा हिशेबही आहेच. वाघेऱ्याचा घाट ओलांडून नाशिकला जायचे म्हणजे एक दिवस आणि एक मजुरी बुडते. भात-नागलीची कामे आटोपल्यावर इथले कितीतरी लोक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. तिथे झापात राहून लघवीची पिशवी सांभाळणे काय असते, त्याची कल्पना केलेली बरी. ज्याला पुन्हा पुन्हा तपासणीला जाणे जड जाते, त्याला एकदाच नीट होणारी शस्त्रक्रिया अधिक सोयीची, मग तिच्यासाठी कमरेत भूल घेऊन दोन-तीन दिवस खाटेवर पडून राहावे लागले तरी चालेल. टीयूआरपीचे उपकरण 1926 पासून चालत आले आहे, ही शस्त्रक्रिया शिकलेले डॉक्टर बरेच आहेत आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते. नव्या उपचारांची साधने एकदा वापरून टाकायची असतात. त्यांचा खर्च शेवटी कुणाच्या तरी खिशातूनच जातो.

म्हणून आमचे मत असे: युरोलिफ्ट-रेझूमसारखे उपचार नाशिकच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात ज्यांना खरोखर गरज आहे अशा मोजक्या रुग्णांसाठी जरूर असावेत, पण सरकारचा पहिला पैसा हरसूलला लागावा. मूत्राशयात किती लघवी उरते ते दाखवणारी सोनोग्राफी, मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, लघवीची वाट मोकळी करणाऱ्या टॅम्सुलोसिनच्या स्वस्त गोळ्या आणि रात्री-अपरात्री नळी घालणारा प्रशिक्षित हात, एवढे घाटाच्या अलीकडे वर्षभर मिळाले तर कित्येकांना शस्त्रक्रिया लागणारच नाही. ज्यांना लागेल ते मूत्रपिंडे शाबूत असताना नाशिकला पोचतील.

वाचकांना एवढेच सांगणे, घरातल्या साठीपुढच्या पुरुषाला रात्री कितीदा उठावे लागते, ते आज विचारा. लघवीत रक्त दिसले किंवा ती अडली, तर सकाळची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि योजनेसाठी रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत घ्या.