जंगल कुणाच्या हिशेबात?

चैत्रात पहाटे आई टोपली घेऊन मोहफुले वेचायला निघते, तेव्हा घरातील सर्वांचा जीव टांगणीला लागतो. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागात वाघ केवळ अभयारण्यातच राहत नाही. "नको जाऊ" म्हटले की आई म्हणते, "वाघ आहेच ना रे, पन मोह का तेच्यासाठी थांबते?" वनरक्षण आणि विकास यांच्या वादाला हे वाक्य मला नेहमी आठवते.

या वादात मुख्यतः तीन विचार आहेत. पहिल्या विचाराला जंगल म्हणजे सरकारी तिजोरी व कारखान्यांचे कोठार. १९२७ चा भारतीय वन कायदा याच वळणाचा. आपल्या जिल्ह्यातील बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे गेला, तोही याच हिशेबाने.

दुसरा विचार म्हणतो, वाघ राखा. पर्यटक येतील, रोजगार येईल. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आणि २०१८ साली आपल्या शेजारचे घोडाझरी अभयारण्य. वाघ वाढले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु ताडोब्याच्या जंगलातून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठली, हेही विसरता येत नाही. हे दोन विचार एकमेकांशी भांडतात खरे. पण हिशेब मांडताना गावाला मात्र दोघेही बाहेरच बसवतात.

तिसरा विचार गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने दाखविला. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

गावाच्या हाती जंगल दिले तर ते ओरबाडले जाईल, अशी शंका पुष्कळजण घेतात. तिला उत्तर आपल्याच जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावात आहे. तेंदूपाने तोडताना फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. म्हणून या ग्रामसभेने तेंदूचे उत्पन्नच सोडले आणि बांबूवर भर दिला. हीच बंदी एखाद्या कार्यालयाने घातली असती, तर तो अन्याय ठरला असता. गावाने घातली, म्हणून तो संयम ठरला.

अर्थात ग्रामसभेचा ठराव वाघ वाचत नाही, आणि प्रत्येक गाव पाचगाव नसते. वाघाला कोणता भाग सोडायचा, मोहाला कधी व किती जणांनी मिळून जायचे, हे वनखात्याबरोबर बसूनच ठरवावे लागेल. पण त्या बैठकीत आईला जागा हवी.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात कायद्याचा कागद वाचू शकणारे आपणच पहिले आहोत. तो ग्रामसभेत वाचून दाखविणे आपले काम आहे. पाचगावने तेंदू सोडला. आमच्या गावाने काय राखावे आणि काय सोडावे, हे आम्ही अजून एकत्र बसून ठरविलेलेही नाही.