काटकसर, पण कोठे?

अग्निपथ योजनेखाली सैन्यात दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपू लागते. चौघांतला एक ठेवावयाचा आणि उरलेल्या तिघांच्या हाती सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये ठेवून त्यांस निरोप द्यावयाचा, असा १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या या योजनेचा हिशेब आहे. हिशेब हा शब्द आम्ही मुद्दाम योजला. सैन्य तरुण व्हावे, शिपायाचे सरासरी वय बत्तिसावरून सव्वीसावर यावे, असे कारण सरकारने पुढे केले. ते कारण खोटे नाही आणि उंच डोंगरांवर लढणाऱ्या सैन्याच्या बाबतीत ते क्षुल्लकही नाही. परंतु चार वर्षांनी जाणाऱ्या शिपायास निवृत्तिवेतन द्यावे लागत नाही, ही गोष्ट अर्थखात्याच्या ध्यानी आली नसेल, असे मानण्याइतके आमचे वाचक भोळे नाहीत.

तरीही सरकारच्या अडचणीकडे डोळेझाक करून या प्रश्नाचा विचार करता येणार नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाकडे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये नेमून दिले गेले. त्यांपैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, तर नवी शस्त्रे, विमाने, जहाजे वगैरेंसाठी भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटींचा. म्हणजे संरक्षणाच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वीस उद्याच्या शस्त्रासाठी, आणि जवळ जवळ चोवीस कालच्या सेवेसाठी. बाकीचा मोठा भाग आजच्या पगारांत, शिध्यात, तेलात आणि दुरुस्तीत जातो. निवृत्तिवेतन घेणारांची संख्या सुमारे चौतीस लाख आहे. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ हे तत्त्व २०१५ च्या नोव्हेंबरात मान्य झाले, ते न्याय्यच होते. पण न्यायाचेही बिल येते. (या चौतीस लाखांत संरक्षणखात्याचे मुलकी नोकरही आहेत, ही गोष्ट शिपायाच्या निवृत्तिवेतनावर बोट ठेवणाऱ्यांनी विसरू नये. शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, कारण सरकारच त्यास घरी पाठविते. कारकून साठीपर्यंत खुर्चीवर असतो.)

तेव्हा पैसा तोकडा आहे, हे निर्विवाद. आमचा प्रश्न एवढाच की, तोकड्या पैशातली काटकसर सर्वांआधी शिपायाच्या कराराच्या मुदतीवर का यावी? शस्त्रखरेदीचा कारभार पाहिला म्हणजे हा प्रश्न अधिकच बोचतो. २०२४-२५ साली भांडवली खर्चासाठी १ लाख ७२ हजार कोटी मंजूर झाले होते. वर्ष संपत आले तेव्हा सुधारित अंदाजात तो आकडा १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर उतरला. साडेबारा हजार कोटी रुपये, गरज नव्हती म्हणून नव्हे, तर वेळेत खर्च करता आले नाहीत म्हणून, परत गेले. आणि याच काळात हवाई दल काय अवस्थेत होते? मंजूर स्क्वाड्रन बेचाळीस. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला शेवटच्या मिग-२१ विमानांनी निरोप घेतला तेव्हा उरल्या एकोणतीस. १९६३ साली आलेले विमान बासष्ट वर्षे वापरावे लागले, यात त्या विमानाचे आणि ते उडविणाऱ्या वैमानिकांचे कौतुक जरूर आहे. खरेदी करणाऱ्या कचेऱ्यांचे मात्र मुळीच नाही. त्र्याऐंशी तेजस विमानांचा करार २०२१ च्या फेब्रुवारीत झाला. ती २०२४ पासून मिळावयाची होती. परदेशी इंजिने वेळेवर न आल्याने ती रखडली. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तेजसची नवी साखळी २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच ओझरला १९६४ पासून मिग विमाने घडविण्याचा पाया घातला गेला होता, आणि साठ वर्षांनंतरही इंजिनासाठी आपण परक्याच्या दाराशी उभे आहोत, हेही त्याच आनंदाबरोबर लिहून ठेवावे लागते.

दारूगोळ्याची कथा निराळी नाही. महालेखापालांच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे सैन्याच्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी सुमारे चाळीस टक्के प्रकार दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारे नव्हते. त्यानंतर साठे वाढविण्यासाठी खटपट झाली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात खडकी, वरणगाव, भंडारा, चांदा, अंबाझरी येथील कारखान्यांसकट सगळ्या सरकारी आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. पाटी बदलली, तोफेच्या गोळ्याला पाटीशी कर्तव्य नसते. युक्रेनमध्ये २०२२ पासून पेटलेल्या युद्धाने जगाला दाखविले की, मोठमोठ्या राष्ट्रांची कोठारेही काही महिन्यांत तळाला जातात.

हे दुखणे नवे आहे, असे कोणी समजू नये. मराठ्यांच्या राज्यकारभाराचे सार सांगणाऱ्या ‘आज्ञापत्रा’त, सुमारे १७१५ साली, रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारावर जे लिहिले आहे, ते आजच्या अर्थखात्यातील अधिकाऱ्यांनी वाचण्यासारखे आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, असे ते बजावतात आणि लगेच पैशाकडे वळतात. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून कायमचा नेमून द्यावा. आरमाराने मिळवावे आणि त्यावरच भागवावे, असे करू नये, कारण तसे केल्याने सावकारास उपद्रव होऊन व्यापार बुडतो व बंदरे ओस पडतात. पावसाळ्यात जहाजे कोठे ठेवावी, लाकूड कोणते तोडावे व रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेले आंबा-फणस का तोडू नयेत, इथपर्यंत त्यांचे लक्ष आहे. राज्य संकटात असताना, खजिना रिता असताना लिहिलेले हे विवेचन आहे, हे विशेष. शिवछत्रपतींनी शिपायास वतनाऐवजी रोख वेतन देण्याचा जो कटाक्ष ठेवला, त्याच्याही मुळाशी हाच विचार होता. लढणाऱ्या माणसास आपल्या भाकरीची चिंता राहू नये, आणि त्याची निष्ठा राज्याशी असावी.

नेमून दिलेला तनखा म्हणजे आजच्या भाषेत काय? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणाचा, वर्षअखेरीस रद्द न होणारा, सुमारे २ लाख ३८ हजार कोटींचा स्वतंत्र निधी सुचविला होता. मार्चअखेर आली की खर्च न झालेली रक्कम परत जावी, आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा तीच मागणी, तीच टिपणे, तीच समिती, या फेऱ्यातून सुटण्याचा तो सरळ मार्ग होता. सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. पाच वर्षांची ती मुदत संपली, निधी उभा राहिला नाही. आमच्या कारभारात ‘तत्त्वतः’ या शब्दाने जेवढ्या गोष्टी पुरल्या आहेत, तेवढ्या विरोधकांनीही पुरल्या नसतील.

आता पुन्हा माणसांकडे वळू. पेण तालुक्यातील जोहे आणि हमरापूर या गावांच्या गणेशमूर्ती कोठे कोठे जातात, हे मुंबईच्या वाचकास सांगावयास नको. तेथील कारखान्यांत हंगामाच्या दिवसांत जादा हात लागतात; साच्यातून मूर्ती काढणे, घासणे, पहिला रंग चढविणे ही कामे नवा मुलगा थोड्या दिवसांत शिकतो. पण डोळ्यांची आखणी? ती नवख्याच्या हाती कोणी देत नाही. तो हात वर्षानुवर्षांच्या सरावाने बसतो, आणि कारखानदार कितीही अडचणीत असला तरी आखणी करणारा कारागीर दर चार वर्षांनी बदलून पैसे वाचविण्याची कल्पना त्याच्या मनात येत नाही. सैन्यातही हेच आहे. बंदूक चालविण्यास सहा महिन्यांचे शिक्षण पुरेसे असेल. परंतु रणगाड्याचा तोफची, पाणबुडीतला यंत्रज्ञ, रडारसमोर बसणारा तंत्रज्ञ आणि विशेषतः दहा जणांची तुकडी रात्रीच्या अंधारात सांभाळणारा हवालदार, हे चार वर्षांत तयार होत नाहीत. शस्त्रे जसजशी अधिक गुंतागुंतीची होतात, तसतशी ही आखणीची कामे वाढत जातात, कमी होत नाहीत.

तरुण सैन्य हवे, या मागणीला उत्तर यापूर्वीच दिले गेले होते. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम् समितीने सुचविले होते की, शिपायाची सैन्यातील सेवा सतरा वर्षांऐवजी सात ते दहा वर्षांची करावी आणि त्यानंतर त्यास निमलष्करी दलांत घ्यावे. म्हणजे सैन्य तरुण राहते, शिकविलेला माणूस फुकट जात नाही, निमलष्करी दलांस तयार शिपाई मिळतो आणि दुहेरी शिक्षणाचा खर्च वाचतो. हा मार्ग पूर्णपणे अवलंबिला गेला नाही, कारण त्यासाठी दोन खात्यांनी एकमेकांशी बोलावे लागते. अग्निवीरांस निमलष्करी दलांत राखीव जागा देऊ केल्या आहेत खऱ्या. पण आधी सोडून द्यावयाचे आणि मग त्याने उमेदवार म्हणून पुन्हा रांगेत उभे राहावयाचे, यात आणि सलग सेवेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या योजनेची झळ महाराष्ट्रास थोडी अधिक लागते. रायगड जिल्ह्यातच महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे, साताऱ्याकडे आपशिंगे आहे. पिढ्यान् पिढ्या घराघरांतून शिपाई देणारी ही गावे. कोरडवाहू मुलखात आणि कोकणातल्या तुटपुंज्या शेतीच्या गावांत निवृत्त सुभेदाराचे निवृत्तिवेतन ही केवळ एका घराची मिळकत नसते. त्यावर मुलांची शिक्षणे होतात आणि विहिरी खोदल्या जातात. २०२० व २०२१ ही दोन वर्षे साथीमुळे भरती बंद राहिली; पहाटे रस्त्याने धावणाऱ्या मुलांचे वय तेवढ्यात उलटून गेले. त्यांतील ज्यांस मग संधी मिळाली, ती चार वर्षांची.

१९६२ साली काटकसरीचा कोणता अर्थ लागला, हे या महाराष्ट्रास विशेष ठाऊक आहे. त्याआधी अंबाल्याला चौथ्या डिव्हिजनच्या जवानांकडून घरे बांधून घेण्यात पैसा वाचविल्याची धन्यता मानली गेली; त्याच डिव्हिजनचे जवान पुढे अपुऱ्या गरम कपड्यांनिशी आणि जुन्या ३०३ रायफली घेऊन नामकाचूच्या काठी उभे राहिले. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीस गेले. त्यांनी प्रथम केले ते हेच की, संरक्षणाचा वर्षावर्षाचा हिशेब मोडून १९६४ ते १९६९ अशी पाच वर्षांची योजना आखली. सव्वाआठ लाखांचे सैन्य, पंचेचाळीस स्क्वाड्रन आणि सुमारे पाच हजार कोटींचा खर्च. देश तेव्हा आजच्याहून किती तरी गरीब होता, धान्य बाहेरून आणीत होता. तरीही माणूस, शस्त्र आणि पैसा यांचा एकत्र विचार त्यांना करता आला.

आमची सूचना नेमकी आहे. चौघांपैकी एकास ठेवावयाचा जो आकडा योजनेत आहे, तो कोणत्याही कायद्याने कोरलेला नाही; सरकारच्या एका निर्णयाने तो ठरला, दुसऱ्या निर्णयाने बदलू शकतो. पहिल्या तुकड्या बाहेर पडण्यापूर्वीच पायदळात निम्म्यांस आणि तांत्रिक शाखांत, आरमारात व हवाई दलात त्याहून अधिकांस ठेवून घ्यावे, आणि ज्यांस सोडावयाचे त्यांची निमलष्करी दलांत थेट बदली करावी. याचा खर्च किती, हे अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगावे. त्याच उत्तरात गेल्या पाच वर्षांत शस्त्रखरेदीचे किती कोटी न वापरता परत गेले आणि वित्त आयोगाने सुचविलेल्या निधीचे पुढे काय झाले, हेही सांगावे.