गृहभेटीतला एक तास

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं तेवढी उरतात, बाकीची ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर आणि कडेवर दोन वर्षांचं पोर. आई पहाटे अंधारातच फडात जाते. पोर कोपीत भावंडापाशी, नाहीतर फडाच्या कडेला वाढ्यांवर निजवलेलं.

त्याचं वजन आपण करतो, दंडघेर मोजतो. दिवसभरात त्याच्याशी किती जण बोलले, हे कुठल्याच रजिस्टरात नसतं. गरिबी ताटातला घास नेते, तसाच आईबापांचा वेळही. बोलायला, रांगोळीच्या ठिपक्याकडे बोट दाखवायला कुणी नसेल, तर पोट भरूनही मूल मागे पडतं.

जमैकातल्या किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवत. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पाहिलं, तर खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. म्हणून आहार बंद करा, असं कुणी समजू नये. उपाशी मूल खेळत नाही. पण तिथली खेळणी रिकाम्या बाटल्या-डब्यांची होती, तेव्हा निधी नसल्याची सबब आपण सांगू नये.

खरं तर हे आपल्याला किंग्स्टनहून शिकायची गरज नव्हती. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. अंगणवाडी हा शब्द तिथला. शब्द घेतला, चालत जाणं मात्र मागे राहिलं.

गृहभेट आजही सेविकेच्या कामात आहे. पण भेटीची नोंद पोषण ट्रॅकरवर चढली की भेट झाली, असा हिशेब चालतो. दोष सेविकेचा नाही. सर्वेक्षणं आणि नोंदी तिच्याच गळ्यात. आमची मागणी साधी आहे: त्यांतलं काही काढून घ्या आणि भेटीतला खेळाचा तास काम म्हणून धरा. हंगामात तो तास कारखान्याच्या तळावर भरला पाहिजे.

पुढच्या अंकात चार पानं टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांसाठी राखली आहेत. तुम्ही केलेल्या खेळण्याची कृती पाठवा. मूल ते तोंडात घालणारच, हे धरून.