ग्रहण कुणाला लागलं?

१६ फेब्रुवारी १९८०. पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणींना हा दिवस आठवत असेल. सूर्यग्रहण होतं. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दारं-खिडक्या लावून, पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकून माणसं घरात बसली होती. औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) गुलमंडीच्या मागे आम्ही राहायचो. आमच्या शेजारच्या काकू तेव्हा पाच महिन्यांच्या गरोदर होत्या. सासूबाईंनी त्यांना सकाळपासून तंबी देऊन ठेवली होती. उठायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, बोटं मुडपायची नाहीत. काकू निमूट पडून राहिल्या. पण थोरला मुलगा भुकेने रडायला लागला, तेव्हा त्या उठल्या आणि विळीवर एक पेरू चिरून त्याला दिला.

जूनमध्ये त्यांना मुलगी झाली. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला आणि आत टाळूलाही फट.

एक पेरू! त्याचा जाब काकू जन्मभर देत राहिल्या. सासूला दिला, नवऱ्याला दिला, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही दिला. आणि सगळ्यात जास्त, मला वाटतं, स्वतःला.

आता जरा बोटांवर हिशेब करू या. पोटातल्या गर्भाचा वरचा ओठ तयार होतो तो साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात. चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे भाग पुढे सरकत मधोमध येऊन जुळतात. ते जुळायचे राहिले की ओठ दुभंगलेला राहतो. टाळूची जुळणी त्यानंतर होते आणि तिसरा महिना संपेपर्यंत तीही आटोपते. जूनमध्ये जन्मलेल्या त्या मुलीचा ओठ नोव्हेंबरातच जसा व्हायचा तसा झालेला होता. म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे! ग्रहण आलं फेब्रुवारीत. पेरू चिरला तेव्हा ओठाचं काम संपून तीन महिने होऊन गेले होते.

गंमत बघा, आपल्याकडे ग्रहण पाळायला लावतात ते पोट दिसायला लागल्यावर. ज्या दिवसांत ओठ खरोखर घडत असतो, त्या दिवसांत पुष्कळ जणींना पाळी चुकल्याचाही पत्ता नसतो. तेव्हा कुणी काही पाळत नाही आणि पाळण्यासारखं काही असतं तर ते तेव्हाच. तंबाखू-मशेरी सोडणं, फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारून घेणं, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेणं. एवढं करूनही दुभंगलेल्या ओठाचं बाळ होणारच नाही अशी हमी कुणी देत नाही. काही आनुवंशिक असतं, काही भोवतालचं असतं आणि बहुतेक वेळा नेमकं बोट ठेवता येत नाही. नात्यातल्या लग्नांमध्येही असे दोष थोडे जास्त आढळतात, पण मामाच्या मुलीशी लग्न ठरवणाऱ्या थोरांना कधी कुणी जाब विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. जाब विळीला!

आपल्या देशात साधारण ७०० ते १००० बाळांमागे एक बाळ असं जन्माला येतं. टाळू फाटलेली असेल तर त्याला अंगावर ओढता येत नाही, कारण ओढायला तोंडात पोकळी बंद व्हावी लागते. दूध नाकावाटे बाहेर येतं. बाळ दमतं, झोपतं, पुन्हा भुकेने रडतं. आईला वाटतं, आपल्यालाच दूध नाही. अशी कितीतरी बाळं ऑपरेशनची वेळ येण्याआधी नुसती उपासमारीने खंगतात. खरं तर आईचं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला जरा उभं धरून, थोडं थोडं पाजलं आणि मध्ये मध्ये ढेकर काढली की ते छान वाढतं. आमच्या काकूंना हे सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी आपल्या अकलेने कापसाच्या बोळ्याने मुलगी जगवली.

ती मुलगी आमच्याबरोबर खेळायची. तिला पाणी म्हणता यायचं नाही, ‘माणी’ म्हणायची. ‘प’, ‘ब’ उच्चारायला तोंडात हवा कोंडावी लागते, तिची हवा नाकातून निघून जायची. हे आज कळतं. तेव्हा आम्ही पोरी तिची नक्कल करायचो. मीही करायचे. ती मोठ्याने हसायची आमच्याबरोबर, आणि हसताना ओठांवर हात धरायची.

ती दहा वर्षांची असताना परगावच्या एका शिबिरात तिचा ओठ शिवला. प्लास्टिक सर्जरी म्हटल्यावर आमच्या आजीने विचारलं होतं, “प्लास्टिकचा ओठ बसवणार का गं? उन्हात वितळायचा नाही ना?” आम्ही हसलो खरे, पण तो प्रश्न आजही विचारला जातो. या ‘प्लास्टिक’चा बादलीशी संबंध नाही. तो मूळचा ग्रीक शब्द, अर्थ घडवणं, आकार देणं. ही विद्या तर आपल्याला परकीही नाही. सुश्रुताचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात कुंभार समाजातल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून एका गाडीवानाचं कापलेलं नाक पुन्हा उभं केलं होतं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याची हकीकत चित्रासह छापून आली आणि ती वाचून तिकडचे सर्जन हीच रीत शिकले. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी नीट लिहून ठेवलं नाही.

अशा शिबिरांचा विषय निघाला की आपल्या भागात एक नाव हमखास येतं. डॉ. शरदकुमार दीक्षित. १९३० साली पंढरपूरला जन्मलेला हा माणूस अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाला. तिथे या धंद्यात पैसा किती, हे वेगळं सांगायला नको. पण १९६८ पासून त्यांनी ‘द इंडिया प्रोजेक्ट’ नावाने भारतात येऊन फुकट ऑपरेशनं करायला सुरुवात केली. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, तिरळे डोळे, चेहऱ्यावरचे व्रण. पुण्यात भारतीय जैन संघटना, आपल्या शहरात लायन्स क्लब, अशा संस्था शिबिराची तयारी करायच्या आणि दीक्षित आपल्या चमूसह येऊन उभे राहायचे.

उभे राहायचे, हे नुसतं म्हणायचं. १९७८ मध्ये अमेरिकेत त्यांना मोटार अपघात झाला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. सर्जनची उजवी बाजू! त्यातून ते कसेबसे बाहेर येतात तोच स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. पुढे हृदयविकाराचे झटके आले. आपल्यापैकी कुणीही एवढ्यावर हातपाय गाळून बसलं असतं आणि कुणी नावं ठेवली नसती. ते ब्रुकलिनमधल्या लहानशा फ्लॅटमध्ये राहायचे, वर्षातले काही महिने भारतात काढायचे आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात शिबिरं करत हिंडायचे. गळ्याला यंत्र लावून बोलायचे. घोगरा, एकसुरी, यंत्रातून येणारा आवाज. रांगेतल्या मुलांना त्या आवाजाची भीती वाटत असेल की त्यांना तो आपल्यातलाच वाटत असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ज्यांना बोलता येत नाही अशांच्या ओठांवर टाके घालणारा हा डॉक्टर स्वतःही आवाज गमावून बसलेला होता.

त्यांनी आणि त्यांच्या चमूने केलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा साठ हजारांच्या वर सांगितला जातो. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, ते मिळालं नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या पश्चातही त्यांच्या नावाने आपल्या शहरात लायन्स क्लब आणि एमजीएम रुग्णालयाच्या मदतीने शिबिरं भरत राहिली.

शिबिराचं चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पहाटेपासून रांग. लांबलांबच्या तालुक्यांतून एसटीने आलेली माणसं, डबे, चादरी, कडेवरची पोरं. पदराने बाळाचं तोंड झाकून बसलेल्या आया. बाळाला ऊन लागू नये म्हणून पदर असतो, असं आपण समजतो. फुटलेला ओठ नीट जुळवायला कसबी हाताला फार वेळ लागत नाही. त्या दारातून आत गेलेलं मूल बाहेर येतं तेव्हा आईला क्षणभर ओळखू येत नाही. ज्या काळात मराठवाड्यात प्लास्टिक सर्जन शोधून सापडत नव्हते आणि मुंबईला न्यायची ऐपत नव्हती, त्या काळात दीक्षितांसारखी माणसं आली नसती तर हे ओठ तसेच म्हातारे झाले असते. या कामाची किंमत मी कमी लेखत नाही.

पण एक बोलायलाच हवं. ओठ शिवून झाला की फोटो निघतो, आधीचा आणि नंतरचा. टाळूचा फोटो निघत नाही. ती आत असते. आणि टाळूचं ऑपरेशन शिबिराच्या धावपळीत बसणारं नव्हे. त्याला पूर्ण भूल लागते, नंतर नीट देखरेख लागते. आमच्या गल्लीतल्या मुलीचा ओठ जुळला, घरच्यांनी पेढे वाटले आणि काम झालं असं सगळ्यांनी धरलं. टाळू राहिली ती राहिलीच. तिचं बोलणं तसंच नाकातलं. बाईंनी वर्गात वाचायला उभं केलं की ती गप्प उभी राहायची. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे लग्नाच्या वेळी पाहायला आलेल्यांसमोर तिने एकच करायचं ठरलं होतं, बोलायचं नाही. चहा ठेवायचा आणि आत जायचं. तसंच जमलं. लग्नानंतर काय ऐकावं लागलं असेल ते आपण समजू शकतो.

दुभंगलेल्या ओठाचा प्रवास एका ऑपरेशनचा नसतो. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत, बाळाचं वजन साडेचार-पाच किलो झालं आणि रक्त चांगलं असलं की शिवता येतो. टाळू नऊ महिने ते दीड वर्ष या दरम्यान, मूल बोलायला लागायच्या सुमारास. मग बोलण्याचे धडे. कानात पाणी साचतं, त्याची तपासणी. आठ-दहाव्या वर्षी हिरडीत हाड भरणं, दातांना तारा. हे करायला बाहेरगावचा देवमाणूस पुरत नाही, बाराही महिने उघडं असलेलं दार लागतं. जगभरातही विचार याच दिशेने वळला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्माइल ट्रेन’ने परदेशी डॉक्टर पाठवण्यापेक्षा इथल्याच सर्जनांना बळ द्यायचं धोरण धरलं. ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळालं, त्यातल्या पिंकीचं ऑपरेशन करणारे डॉक्टर वाराणसीचेच होते.

आपल्याकडे २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही महाराष्ट्रात पालघरला. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत जी डॉक्टरांची गाडी मुलांना तपासायला येते ती याच कार्यक्रमाची. दुभंगलेला ओठ आणि टाळू त्यांच्या यादीत आहे आणि उपचार मोफत आहेत. अठरा वर्षांपर्यंत. म्हणजे ओठ शिवला आणि टाळू राहिली अशी पाचवीतली मुलगी तुमच्या माहितीत असेल, तर तिचीही वेळ गेलेली नाही. आशाताईला सांगा. शाळेतल्या बाईंना सांगा. आणि हे सांगताना मुलगी आहे का मुलगा, हे मनात येऊ देऊ नका. मुलाला दोनदा-तीनदा नेणारे आईबाप मुलीचा ओठ जुळला की ‘आता कशाला’ म्हणतात, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या शेजारच्या काकू काही वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या आजारपणातही एकदा मला म्हणाल्या, “त्या दिवशी मी उठले नसते तर...” मी नोव्हेंबरचा हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. पटला की नाही, कळलं नाही.

त्यांची लेक आता पंचेचाळिशीत आहे. घरगुती शिलाईचं काम करते, हात चांगला आहे. ती फोनवर बोलत नाही, मेसेज पाठवते. मध्यंतरी तिच्या भाचीला मुलगी झाली, तसाच ओठ घेऊन. बाळंतिणीच्या खोलीत कुजबुज सुरू झाली, कधी ग्रहण होतं, ही काय करत होती. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी ही बाई मधे उभी राहिली आणि आपल्या त्याच नाकातल्या आवाजात म्हणाली, तिला कुणी काही बोलायचं नाही. मग वाटी-चमच्याने दूध कसं पाजायचं ते नर्सकडून शिकून घेतलं आणि रात्री स्वतः पाजलं. चौथ्या महिन्यात ओठ झाला, वर्षाच्या आतबाहेर टाळू झाली. आता दर महिन्याला बोलणं शिकवणाऱ्या ताईंकडे तीच नेते.

परवा तिचा मेसेज आला. ‘आज पाणी म्हणाली. पाणीच म्हणाली.’