सुई टोचली तर अंगावर काढू नका

नारायण पेठेत दारोदार कचरा घेणाऱ्या आपल्या वस्तीतल्या ताईला इन्सुलिनची सुई टोचली. बोटाला फडकं बांधून ती पुढचा जिना चढली. खाडा परवडतो कुठे? कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने 1993पासून लढून ओळखपत्रं मिळवली, 2008मध्ये ‘स्वच्छ’ संस्थेचा महापालिकेशी करार झाला. सुई मात्र अजून कचऱ्यातच येते.

बोट पिळू नका. वाहत्या पाण्यात साबणाने धुवा, लगेच ससून गाठा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितक्या बऱ्या. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसीचंही विचारा.

हातमोजे दिले की झालं, हे मला पटत नाही. सुई जाड डब्यात बंद करून वेगळी देणं हे पेठेतल्या घरांचं काम आहे. तसं त्यांना दारातच सांगा.